पंपाला काय लाजायचं?

आज सुरुवातीलाच एक छोटा प्रयोग करू या. सरबत प्यायची एक बारीक नळी घ्या. ती ओठांत घट्ट धरा, एका हाताने नाक दाबा आणि बसल्या जागी अर्धा मिनिट फक्त त्या नळीतूनच श्वास घ्या अन् सोडा. त्रास वाटला तर लगेच थांबा हं! झालं? कसं वाटलं? छाती भरली तरी हवा पुरत नाही, असंच ना? तुम्ही नळी फेकून दिलीत आणि मोकळे झालात. पण ज्याला ती फेकताच येत नाही, त्याचं काय होत असेल?

ज्यांना दमा आहे त्यांनी मात्र हा प्रयोग करू नये. त्यांना तो करायची गरजही नाही. त्यांना ती नळी चांगली ओळखीची असते. मलाही आहे, कारण मी त्यांच्यातलीच एक.

मी सेलूची. परभणी जिल्ह्यातलं सेलू नव्हे बरं का, ते वेगळं! आमचं सेलू वर्धा जिल्ह्यातलं, नागपूरहून वर्ध्याला जाताना लागणारं तालुक्याचं गाव. तालुक्याच्या एका अंगाला बोर धरण आणि वाघांचं जंगल, बाकी चहूकडे कपाशी, तूर नि सोयाबीन. चौथीत असताना डॉक्टरांनी मला दमा असल्याचं सांगितलं आणि तेव्हापासून माझं एक निराळंच पंचांग तयार झालं. पावसाळ्यात भिंतींना ओल येते, बुरशी धरते, तेव्हा खोकला. मग गाजरगवत फुलतं. दिवाळीच्या आधी माळे झाडले जातात, दिवाळीत फटाके. पुढे कापूस जिनिंगमध्ये येऊ लागतो आणि हवेत बारीक तंतू नि धूळ उडते. थंडीत तुरीची मळणी निघते, तिचा धुरळा निराळाच. लोकांचे ऋतू सहा. माझे ऋतू शिंकेवरून नि खोकल्यावरून ओळखायचे!

दम्यात नेमकं होतं काय? आपल्या छातीत श्वासाच्या नळ्या असतात. झाडाच्या फांद्यांसारख्या त्या बारीक बारीक होत जातात. दमा असलेल्याच्या नळ्या भारी हळव्या असतात. आतून त्या सुजलेल्या असतात, बाहेर काही दिसत नसलं तरीसुद्धा. त्यात धूळ, धूर, थंड हवा किंवा सर्दी यांचं निमित्त झालं, की नळीभोवतीचे स्नायू आवळतात, सूज वाढते आणि आत चिकट कफ साठतो. वाट अरुंद होते. हवा आत घेण्यापेक्षा बाहेर सोडणं अवघड जातं आणि छातीतून सूं सूं असा आवाज येतो.

म्हणजे बिघाड दोन झाले: स्नायू आवळणं आणि आतली सूज. हे दोन लक्षात ठेवा, पुढे कामाला येतील.

यावरचं औषध म्हणजे इनहेलर. आपण त्याला साधं ‘पंप’ म्हणतो. आमच्या गावात पंप म्हटलं की आधी कपाशीवर फवारायचा पंप आठवतो. तुलना काही वाईट नाही! मावा पानाच्या खालच्या बाजूला असेल आणि फवारा नुसता वरच्या बाजूला पडला, तर औषध वाया जातं, हे कोणताही शेतकरी सांगेल. छातीचंही तसंच आहे. औषध जिथे हवं तिथे पोहोचलं पाहिजे.

गंमत म्हणजे हा पंप एका तेरा वर्षांच्या मुलीच्या प्रश्नातून जन्माला आला. अमेरिकेत लॉस एंजेलिसला रायकर लॅबोरेटरीज नावाची औषधांची कंपनी होती. जॉर्ज मेसन हे तिचे प्रमुख. त्यांच्या मुलीला दमा होता. त्या काळी रबरी फुगा पिळून काचेच्या उपकरणातून औषध ओढावं लागे. ते हाताळायला किचकट, शिवाय काच फुटायची भीती. मुलीने वडिलांना विचारलं, केसांवर मारायचा फवारा जसा डबीतून येतो, तसं माझं औषध का येत नाही? वडिलांनी हा प्रश्न हसण्यावारी नेला नाही. त्यांची माणसं कामाला लागली आणि १९५६ मध्ये मोजून औषध देणारा पहिला पंप बाजारात आला. आपल्याकडे सिप्ला कंपनीने दम्यासाठी अशी फवाऱ्याची औषधं १९७६ मध्ये आणली. तेव्हा तुमच्या डोक्यात असा एखादा ‘वेडा’ प्रश्न आला, तर तो जरूर विचारा!

या डबीतली खरी करामत म्हणजे ‘मोजून’. डबीच्या तोंडाशी एक इवलीशी कप्पी असते. त्या कप्पीत मावेल तेवढंच औषध एका वेळी बाहेर पडतं आणि बोट सोडलं की ती पुन्हा भरते. जोरात दाबा नाहीतर हळू दाबा, माप तेच.

आता एक गणित सोडवा. नेहमीच्या साल्ब्युटामॉलच्या पंपातून एका दाबात १०० मायक्रोग्रॅम औषध मिळतं. त्याच औषधाची एक गोळी ४ मिलिग्रॅमची येते. एक मिलिग्रॅम म्हणजे १००० मायक्रोग्रॅम. मग एका गोळीत किती दाबांचं औषध झालं? बरोबर, चाळीस! गोळी पोटात जाते, रक्तात मिसळते, सगळ्या अंगभर फिरते आणि त्यातलं थोडंसं छातीत पोहोचतं. पंप थेट छातीत देतो, म्हणून त्याला एवढंसंच पुरतं. तरीही ‘पंप म्हणजे फार जबर औषध, गोळी बरी’ असं म्हणणारी मोठी माणसं तुम्हाला भेटतील. त्यांना हे गणित घाला. नम्रपणे हं!

दुसरं एक वाक्य तुम्ही ऐकलं असेल. आमची आजी ते नेहमी म्हणायची, “पोरीले पंप नोको देऊ वो, एकदा सवय लागली का सुटत नाई बापा!” आजीची माया खरी होती, पण म्हणणं खरं नव्हतं. चष्म्याची सवय लागते का? चष्मा काढला की दिसत नाही, याचं कारण डोळ्यांत आहे, चष्म्यात नाही. तसंच पंपाचं. दमा पुष्कळदा वर्षानुवर्षं सोबत राहतो, म्हणून औषधही राहतं. व्यसन ते नव्हे.

पण या गैरसमजापायी काय घडू शकतं, ते मी आमच्याच घरात पाहिलं. माझ्या आत्याला दमा होता. तिचं लग्न ठरलं तेव्हा घरातल्या मोठ्यांनी ठरवलं, की सासरी पंपाचं नाव काढायचं नाही. पंप गेला तिच्या पेटीत, साड्यांच्या तळाशी. लग्नाला चार दिवस झाले नव्हते. घरात पाहुणे, चुलीचा धूर, वरून जागरणं. रात्री आत्याचा श्वास कोंडला. पंप हाताच्या अंतरावर होता, पण सगळ्यांदेखत पेटी उघडायची कशी? ती ओसरीत एकटीच पुढे वाकून बसून राहिली. पहाटे तिच्या सासूने पाहिलं तेव्हा ओठ निळे पडले होते. बैलगाडी, मग जीप, मग दवाखाना, प्राणवायू. वाचली आमची आत्या. शुद्धीवर आल्यावर सासू तिच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाली, “बाई, सांगतलं असतं तं म्याच उशाशी ठेवला असता ना!”

ज्यांच्या भीतीने पंप लपवला, त्यांना त्याचं काहीच वाटलं नव्हतं. आजही कितीतरी मुलं वर्गात पंप काढायला लाजतात. विशेषतः मुली. चिडवतील, खेळात घेणार नाहीत, सहलीला नेणार नाहीत असं वाटतं. इंग्लंडच्या पॉला रॅडक्लिफचं नाव ऐकलंय? लहान वयातच तिला दमा असल्याचं कळलं. २००३ मध्ये तिने लंडन मॅरेथॉन २ तास १५ मिनिटं २५ सेकंदांत पूर्ण केली. महिलांचा तो जागतिक विक्रम २०१९ पर्यंत कुणाला मोडता आला नाही. आणि पंप? तो तिच्या सामानातच असायचा.

आता ते दोन बिघाड आठवा बरं! स्नायू आवळणं आणि सूज. त्यासाठी औषधंही दोन प्रकारची. पहिलं तात्काळ आराम देणारं. ते आवळलेले स्नायू काही मिनिटांत सैल करतं, पण सुजेला हात लावत नाही. दुसरं रोज घ्यायचं, सूज कमी ठेवणारं. त्यात अगदी कमी मात्रेतलं स्टेरॉइड असतं. ते घेतल्या घेतल्या काही जाणवत नाही, म्हणून मुलं कंटाळून ते सोडून देतात आणि फक्त पहिल्यावर भागवतात. इथेच घात होतो. घरात धूर झाला म्हणून खिडकी उघडत राहायचं आणि पेटलेलं लाकूड तसंच ठेवायचं, असं ते झालं.

दम्याच्या उपचारांची दिशा सांगणारी ‘जिना’ नावाची जागतिक संघटना आहे. तिने २०१९ मध्ये स्पष्ट सांगितलं, की बारा वर्षांवरच्या मुलांना आणि मोठ्यांना नुसत्या आराम देणाऱ्या पंपावर ठेवू नये. सुजेवरचं औषधही मिळायला हवं. काहींना डॉक्टर दोन्ही औषधं एकाच पंपात देतात. म्हणून रंगावर जाऊ नका. मैत्रिणीचा निळा पंप आणि तुमचा निळा पंप सारखा असेलच असं नाही. डबीवरचं नाव वाचा आणि डॉक्टरांना सरळ विचारा, “यातला कोणता रोजचा आणि कोणता त्रास झाला तर घ्यायचा?”

स्टेरॉइड म्हटलं की घरचे घाबरतात. खरं ते सांगते. काही मुलांची उंची यामुळे किंचित कमी राहू शकते, साधारण सेंटीमीटरभर. पण दमा मोकाट सोडला तर झोप जाते, शाळा बुडते आणि जिवावरही बेतू शकतं. म्हणून डॉक्टर कमीत कमी पुरेल एवढीच मात्रा ठरवतात. ती आपल्या मनाने वाढवायची नाही, बंदही करायची नाही. मृग नक्षत्राच्या सुमारास हैदराबादला माशातून दम्याचं औषध देतात, त्यासाठी लांबलांबून लोक जातात. त्याने दमा बरा होतो असा शास्त्रीय पुरावा नाही. तिथे जाऊन आल्यावर रोजचा पंप बंद केला, तर धोका तुमच्या छातीला आहे.

आता मुख्य गोष्ट: पंप ओढायचा कसा? फवाऱ्याचा पंप असेल तर असा. झाकण काढा आणि आत डोकावून पाहा. दप्तरातल्या पंपात पेन्सिलीचं टोक नाहीतर शेंगदाण्याचं टरफल जाऊन बसलेलं असू शकतं! मग चांगला हलवा. नवा असेल किंवा बरेच दिवस वापरला नसेल, तर सोबतच्या कागदात सांगितल्याप्रमाणे आधी हवेत फवारा मारून घ्या. ताठ बसा किंवा उभे राहा. श्वास पूर्ण बाहेर सोडा, पण पंपात नाही. तोंडाचा भाग दातांमध्ये ठेवून ओठ घट्ट मिटा. सावकाश श्वास घ्यायला सुरुवात करा आणि त्याच वेळी डबी एकदाच दाबा. श्वास तसाच हळू हळू, खोल, तीन ते पाच सेकंद घेत राहा. पंप बाहेर काढा, तोंड मिटा, मनात दहा अंक मोजा आणि सोडा. दुसरा दाब घ्यायचा असेल तर अर्धा ते एक मिनिट थांबा, पुन्हा हलवा आणि सगळं पहिल्यापासून करा.

दाबणं आणि ओढणं यांचा मेळ बसत नाही? बहुतेकांचा बसत नाही. आरशासमोर करून पाहा. तोंडातून किंवा नाकातून पांढरी वाफ निसटताना दिसली, तर तेवढं औषध गेलं वाया. यावर सोपा उपाय म्हणजे स्पेसर. ही प्लॅस्टिकची पोकळ नळकांडी असते. औषध आधी तिच्यात जातं आणि मग आपण ते ओढतो. वेगाने येणारं औषध घशावर आदळत नाही आणि छातीत जास्त पोहोचतं. एका वेळी एकच दाब मारायचा आणि लगेच एक सावकाश लांब श्वास घ्यायचा. लांब श्वास जमत नसेल तर नळकांडी तोंडात ठेवूनच चारपाच साधे श्वास घ्यायचे. स्पेसर साबणाच्या कोमट पाण्यात धुवा आणि तसाच वाळू द्या. कपड्याने पुसलात तर प्लॅस्टिकवर स्थिर वीज तयार होते आणि औषध आतच चिकटून बसतं.

काहींचा पंप पूड ओढायचा असतो. त्यात कॅप्सूल घालून फिरवायची असते. त्याचा नियम नेमका उलटा! हलवायचा नाही, सावकाश नाही, तर जोरात आणि खोल ओढायचं. कारण इथे फवारा नसतो, पूड उडवायचं काम तुमच्या श्वासालाच करायचं असतं. आत फुंकर मारू नका, पूड ओली होते. आणि ती कॅप्सूल गिळायची नाही. हसू नका, खरंच गिळणारे असतात!

सुजेवरचं औषध घेतल्यावर पाण्याने खळखळून गुळण्या करा आणि ते पाणी थुंका. नाहीतर तोंडात पांढरे चट्टे येतात, आवाज बसतो. सोपी युक्ती म्हणजे पंप सकाळ-संध्याकाळ दात घासायच्या आधी घ्यायचा. गुळणी आपोआप होते आणि पंप घ्यायचा विसरही पडत नाही.

आमच्या वर्ध्याकडचा मे महिना तुम्हाला ठाऊक आहेच. पारा पंचेचाळिसाजवळ जातो. अशा उन्हात पंप गाडीच्या डिक्कीत किंवा खिडकीत ठेवू नका, डबी दाबाखाली असते. रिकामी झाली तरी ती टोचू नका, जाळू नका. काहीजण डबी पाण्यात तरंगवून औषध उरलं की नाही ते पाहतात. त्यातून काहीच कळत नाही. डबीवर आकडा असेल तर तो पाहा, नसेल तर वहीत मोजा.

हे मोजणं फार मोलाचं आहे. आराम देणारा पंप आठवड्यात दोनदांपेक्षा जास्त लागत असेल, रात्री खोकून जाग येत असेल, तर दमा आटोक्यात नाही असं समजा. दोनशे दाबांच्या अशा तीन किंवा जास्त डब्या वर्षात संपत असतील, तर मोठा झटका येण्याचा धोका वाढलेला असतो. महिन्याला एक लागत असेल तर जीव धोक्यात आहे. औषधाच्या दुकानातून परस्पर नवी डबी आणत राहू नका, डॉक्टरांकडे जा. जाताना पंप सोबत न्या आणि त्यांच्यासमोर ओढून दाखवा. सेवाग्राम जवळ असो वा तुमच्या गावचं ग्रामीण रुग्णालय, “मी बरोबर ओढते का, पाहता का जरा?” एवढं विचारायला काही पैसे पडत नाहीत.

आणि ज्यांना दमा नाही, ते तुम्ही! आता तुमची पाळी. शेजारच्या बाकावरच्या मित्राला झटका आला तर काय कराल? त्याला आडवं करू नका, ताठ बसवा. गर्दी हटवा, घट्ट बटणं सैल करा. डॉक्टरांनी त्याला कागद लिहून दिला असेल तर तसंच करा. नसेल तर त्याच्या आराम देणाऱ्या पंपाचे चार दाब, एकेक करून, शक्य तर स्पेसरमधून द्या. चार मिनिटं थांबा. आराम नसेल तर पुन्हा चार. आणि तेवढ्यात एकाने सरांना बोलवायला धावायचं. वाक्य पूर्ण बोलता येत नसेल, ओठ किंवा नखं निळी पडत असतील, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात असेल किंवा तो गुंगीत जात असेल, तर वाट पाहायचीच नाही. लगेच १०८ ला फोन करायचा. महाराष्ट्रात ही रुग्णवाहिका सेवा २०१४ पासून आहे. रुग्णवाहिका येईपर्यंत दाब चालू ठेवा. आणखी एक, छातीतला आवाज अचानक थांबला पण मुलगा थकत चालला, तर बरं वाटलं असं समजू नका. हवा आत-बाहेर होणंच कमी झालेलं असतं.

म्हणूनच पंप मुख्याध्यापकांच्या कुलुपाच्या कपाटात नको, मुलाजवळच हवा. खेळाच्या तासाला तो मैदानावर हवा. आणि तो कुठे असतो हे दोन मित्रांना तरी माहीत हवं.

तर मग आज एवढंच करा. घरात, वर्गात कुणाचा पंप असेल तर त्याच्यासोबत बसून तीन गोष्टी पाहा: डबीवरची शेवटची तारीख, उरलेले दाब आणि तोंडावरचं झाकण. मग त्याला विचारा, “तू कसा ओढतोस, दाखव बरं!” तो दाखवील, चुकला तर दोघं मिळून दुरुस्त कराल. आणि दुसऱ्या दिवशी वर्गात पंप काढताना त्याचा हात अडखळणार नाही.